डाव्या कप्प्याचं गाऱ्हाणं

या मंडळी, असे लांब का बसलात? कीर्तनात मागे टेकून बसणाऱ्याला आधी डुलकी लागते आणि मग तोच विचारतो, बुवा काय म्हणाले हो? तेव्हा जरा पुढे सरका. माझ्याजवळ आज टाळ नाही, पेटी नाही. एक गोष्ट तेवढी आहे. ती मनापासून सांगितली तर नारायण तिला सूर लावून देतो, असा माझा भरवसा आहे.

तर हे बघा, मालवणातल्या एका कॉलेजची जीवशास्त्राची प्रयोगशाळा. भिंतीशी कपाटं, कपाटात काचेच्या बरण्यांतले बेडूक आणि समुद्रघोडे. मधल्या टेबलावर हृदयाचं प्लास्टरचं मॉडेल, एका बाजूचा रंग उडालेला. त्या मॉडेलसमोर दत्ताराम सर डोळे मिटून, हात जोडून उभे आहेत, आणि समोरच्या बाकांवर बारावीला जीवशास्त्रात नापास झालेली पोरं पुरवणी परीक्षेसाठी जमली आहेत.

"बा देवा म्हाराजा!" सरांनी खणखणीत आवाज लावला.

पोरं आधी चपापली, मग हसली, मग जत्रेत देवाला गाऱ्हाणं, म्हणजे साकडं, घालताना सगळे ओरडतात तशी ओरडली, "व्हय म्हाराजा!"

"सगळ्या आंगातला काळवांडलेला रगत उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात येता म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"थंयसून तां खालच्या कप्प्यात उतारता, आणि खालचो कप्पो तेका फुफ्फुसात धाडता म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"फुफ्फुसात तां साफ होता, आणि साफ झालेला रगत परत उजव्याच बाजूक येता म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता तर बाकं वाजली.

सरांनी डोळे उघडले. "मेल्यांनो," ते म्हणाले, "शेवटचा सपशेल खोटा. साफ रगत डाव्या बाजूक येता. थंयसून सगळ्या आंगाक जाता. मगे व्हय कित्याक म्हटलास?"

मितेश नावाचा एक चुणचुणीत पोरगा होता, तो म्हणाला, "सर, गाऱ्हाण्याक कोण नाय म्हणता काय? देव कोपात!"

सगळा वर्ग हसला. सरही हसले. "तुमच्या अभ्यासाचा हेंच झाला हा," ते म्हणाले. "पुस्तक उघडतास, पिवळ्या पेनान रेघो मारतास, वाचता वाचता मान हलयतास. म्हणजे गाऱ्हाणा पुस्तक घालता आणि तुमी नुसते व्हय म्हाराजा म्हणतास. पेपरात पुस्तक नसता रे. थंय गाऱ्हाणा तुमकाच घालूचा लागता, आणि व्हय म्हणूक कोण नसता."

मग त्यांनी रीत सांगितली. धडा वाचायचा, पुस्तक मिटायचं, आणि एकानं उठून तो गाऱ्हाण्यासारखा सांगायचा. बरोबर असेल तरच बाकीच्यांनी 'व्हय' म्हणायचं. चुकलं तर सगळ्यांनी गप्प राहायचं, आणि कुठे चुकलं ते सांगणाऱ्यानं स्वतः हुडकायचं. आज सांगितलेलं दोन दिवसांनी पुन्हा विचारणार, आठवड्यानं पुन्हा.

"शिळां विचारतलास, सर?" मितेश कुरकुरला.

"बांगड्याचा तिकला कधी बरा लागता रे? आजचा की कालचा?"

"कालचा."

"मगे!"

एवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. बारीक अंगाची, केसांची घट्ट वेणी, हातात मोबाईल आणि एका कानात लोंबणारी वायर. संचिता कुबल. दांडी किनाऱ्याच्या बाजूला राहणाऱ्या, मासे विकणाऱ्या लक्ष्मीची मुलगी.

"सर," ती म्हणाली, "पण तां खोटा नाय. उजव्याच बाजूक येता."

"कोणी सांगितल्यान?"

"माझ्या दादान."

त्या गावात तिचा दादा कोण आणि तो आता कुठे आहे, हे माहीत नसलेलं कोणी नव्हतं.

दत्ताराम सरांबद्दल थोडं सांगायला हवं. मी त्याच कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करायचो, म्हणून मला ते जवळून ठाऊक. गाव वालावल. लग्न केलं नाही, किंवा राहून गेलं. मालवणात एका खोलीत राहायचे. नोकरी तासांवरची, कायम कधी झाली नाही. पण नापास पोरांना मे-जूनमध्ये बोलावून फुकट शिकवणं मात्र कायमचं. शिकवताना दर दोन वाक्यांनी विचारायची सवय: "समजलां मा?" पोरं त्यांची नक्कल करायची ती याच दोन शब्दांवरून.

उत्सवाला आम्ही दोघं वालावलला लक्ष्मीनारायणाच्या देवळात कीर्तनाला बसायचो. एकदा तळीच्या काठानं परत येताना ते म्हणाले, "माझे वडील कीर्तनासून परत येताना वाटेत विचारायचे, सांग रे, बुवांनी काय सांगितलां? आणि माका एक अक्षर सांगूक येवचा नाय. आणि मी तर कीर्तनात रडलेलंय! वडील म्हणायचे, रडलंस म्हणजे भिजलंस. आत काय मुरला तां सांग." त्या रात्रीपासून त्यांच्या मनात काहीतरी शिजत होतं. बारावीचा निकाल लागला आणि ते गाऱ्हाणं होऊन वर आलं.

वर्ग सुटल्यावर सरांनी संचिताला थांबवून घेतलं. पुस्तकं परत घ्यायला मी आलो होतो, मीही थांबलो.

"खंय सांगितलां गो दादान? कधी?"

तिनं मोबाईल काढला, वायरचं एक टोक सरांच्या हातात दिलं. मग काय वाटलं कोण जाणे, वायर उपटून आवाज मोठा केला.

आधी होडीच्या इंजिनाची घरघर. मग खोकला. मग एका तरुणाचा, थोडा घोगरा, हसरा आवाज. "गो संचिता, आयक. आज हृदय. चार कप्पे. दोन वर, दोन खाली. घराचो माळो आणि माजघर समज. समजलां मा?"

आणि मग आवाज थांबला. नुसती घरघर, आणि पाण्याचा चुबकचुबक आवाज. उत्तरासाठी त्यानं मुद्दाम जागा सोडली होती. त्या जागेत संचिता हळूच म्हणाली, "व्हय दादा."

सरांनी टेबलाची कड घट्ट धरली. तो 'समजलां मा' त्यांचा होता. तोच हेल, शेवटी तसाच वर नेलेला. ओमकार कुबल त्यांच्याच वर्गात शिकला होता. बारावी झाला, आणि बापाला दम्यानं किनाऱ्यावर बसवल्यावर त्याच्या जागी होडीवर गेला. बहीण आईबरोबर बाजारात बसायची, तिला वाचायला सवड नाही, म्हणून जाळी ओढण्याच्या मधल्या वेळात तो एकेक धडा बोलून मोबाईलवर पाठवायचा. नर्स व्हायचं हे स्वप्न तिचं. पण हट्ट त्याचा. पुढे बाप गेला. आणि आदल्या वर्षी नवरात्रानंतर वारं फिरलं, होडी उलटली. बाकीचे पोहत, फळ्यांना धरून आले. ओमकार आला नाही. मिळालाही नाही.

मोबाईलमधला ओमकार सांगत होता, "...फुफ्फुसातसून साफ झालेला रगत परत उजव्या बाजूक येता. समजलां मा?"

घरघर. पाणी.

"व्हय दादा," संचिता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सर ग्रंथालयात येऊन बसले. चहा निवला तरी हात लावला नाही. "ती दररोज आयकता," ते म्हणाले. "तेचो खोकलो खंय येता तां तिका पाठ आसा. मधीच कोणतरी 'ओम्या, दोर सोड' म्हणता, ताय पाठ आसा. पण मोबाईल बंद करून 'सांग' म्हटलां तर एक कप्पो सांगूक येना नाय. तिका वाटता, माका सगळा येता. येता तां तेका. तिका नाय."

"मग सांगा तिला तसं," मी म्हटलं.

"सांगितलंय. म्हणता, बंद केलंय तर तो थांबता." ते खिडकीकडे बघत राहिले. "आणि दुसरा एक आसा. तो चुकलो खंयसून? कदाचित माझ्याच वर्गात, मीच एखाद्या दिवशी घाईत उजव्या म्हटलंय आसात. आणि तो व्हय म्हणालो आसात. आता कोणाक विचारूचा?"

खोडून काढायला फळ्यावर काही नव्हतं. हवेत होतं, आणि तेही गेलेल्या माणसाच्या आवाजात.

त्यानंतर सरांनी संचिताला वर्गात उभं केलं. "मोबाईल माझ्याकडे दी. पुस्तक मीट. सांग."

ती उभी राहिली. पहिला कप्पा सांगितला. पोरं म्हणाली, व्हय म्हाराजा. दुसरा सांगितला. व्हय म्हाराजा. मग ती म्हणाली, "फुफ्फुसातसून उजव्या बाजूक..."

कोणी बोललं नाही. नियमच तसा होता. आरोही नावाची तिची मैत्रीण खाली मान घालून बसली. मितेशलासुद्धा विनोद सुचला नाही. संचिता त्या शांततेत उभी होती आणि तिचे डोळे भरत चालले होते.

"तुमका सगळ्यांका म्हणूचा काय आसा?" ती शेवटी म्हणाली. "माझो दादा खोटारडो?"

"तसा कोण म्हणता गो—"

तिनं टेबलावरून मोबाईल उचलला आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आरोहीनं बातमी आणली: मावशी रत्नागिरीला कोळंबी सोलायच्या कारखान्यात आहे, ती संचिताला घेऊन जाणार; परीक्षा द्यायचीच नाही म्हणते.

तेव्हा सर मला म्हणाले, "तुम्ही चला माझ्याबरोबर. एकट्याक माका त्या घरात जावक भय दिसता."

तिन्हीसांजेला आम्ही गेलो. होड्या माडाच्या झापांखाली झाकून किनाऱ्यावर चढवल्या होत्या. कुबलांच्या पडवीत लक्ष्मी सुके बांगडे निवडत बसली होती. तुळशीपाशी दिवा नुकताच लागला होता. आणि उंबऱ्यावर, पितळेच्या तांब्याला टेकवून, मोबाईल ठेवलेला. त्यातून ओमकार बोलत होता. घरात माणूस बोलतो तसाच. आम्हाला बघून लक्ष्मीनं तो बंद केला नाही, आवाज फक्त थोडा कमी केला.

"येवा," ती म्हणाली. "बसा. ह्या फोनातलो 'समजलां मा' तो तुमचोच मा, मास्तर? माझ्या झिलाक तुमची नक्कल भारी जमायची. जेवताना सुद्धा विचारी, आये, आमटीत मीठ नाय, समजलां मा?"

सर हसायला गेले, पण हसू आलं नाही. "लक्ष्मीबाय," ते म्हणाले, "चेडवाक परीक्षेक पाठवा."

"ती जायना नाय म्हणता. म्हणता, तुमी दादाक खोटो पाडलास." तिनं बांगडा टोपलीत टाकला. "खरा सांगा. चुकलो तो?"

आत दाराआड संचिता उभी होती, तिची सावली दिसत होती.

"चुकलो," सर म्हणाले. "एकाच जाग्यार. कदाचित माझ्याच तोंडातसून तशी चूक तेच्या कानात गेली आसात, देव जाणे. पण तीच चूक पेपरात जातली. आणि फुडे नर्स झाली, तरी मनात तशीच रवतली."

लक्ष्मीचे हात थांबले. मोबाईलमधला आवाज त्याच ओळीवर आला. ...साफ झालेला रगत परत उजव्या बाजूक येता. समजलां मा? घरघर. पाणी.

"मास्तर," लक्ष्मी म्हणाली, आणि तिचा आवाज धारदार झाला, "मेलेल्याची चूक काढूक इलास तुमी?"

बोलली आणि स्वतःच दचकली. मंडळी, त्या घरात तो शब्द तोवर कोणी उच्चारला नव्हता. मिळाला नाही म्हणून दिवस घातले नव्हते, फोटोला हार नव्हता. जेवताना त्याचं ताट मांडून ठेवत. मोबाईल चालू होता तोवर तो कुठेतरी होडीवर होता. तो शब्द आईच्याच तोंडून पडवीत पडला, आणि आम्ही सगळे त्याच्याकडे बघत राहिलो.

मग लक्ष्मीनं हात पुसले, वाकून मोबाईल बंद केला. समुद्राचा आवाज एकदम जवळ आला. तो इतका वेळ तिथंच होता, पण ऐकू येत नव्हता.

ती आत गेली, नारळ घेऊन बाहेर आली, आणि तुळशीपुढे ठेवला. "ये गो," ती लेकीला म्हणाली. "गाऱ्हाणा घाल. तुमच्या वर्गात घालतास मा तसा. तेना सांगितलेला सगळा सांग."

"माका येवचा नाय, आये."

"नाय इला तर नाय इला. उभी तर रव."

आमच्याकडे गाऱ्हाणं पुरुषानं घालायचं, घरचा कर्ता असेल त्यानं. त्या घरात आता ते घालणारं दुसरं कोण होतं? संचिता तुळशीसमोर आली. हात जोडले. ओठ हलले, आवाज फुटेना. सर काही सुचवतील म्हणून तिनं मागे पाहिलं. सरांनी ओठ मिटून घेतले होते. शिक्षकाला किती जड जातं ते, मी त्या दिवशी पाहिलं.

"बा देवा म्हाराजा," ती म्हणाली.

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो.

"सगळ्या आंगातला काळवांडलेला रगत उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात येता म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"थंयसून... थंयसून खालच्या कप्प्यात. मगे फुफ्फुसात जाता. थंय तेका वारो मिळता म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

मग ती थांबली. दादाची चूक होती त्याच जागी थांबली. वाऱ्यानं दिवा आडवा झाला, पुन्हा उभा राहिला. कोणी तिला पुढचा शब्द दिला नाही. होडीची घरघर नव्हती, खोकला नव्हता. मी मनात लक्ष्मीनारायणाचा धावा करत होतो. तिनं उजवा हात सोडवला आणि स्वतःच्या छातीवर ठेवला, डाव्या बाजूला, चाचपडत, जशी अंधारात माणसं दाराची कडी शोधतात.

"आणि साफ झालेला रगत," ती म्हणाली, "परत डाव्या बाजूक येता म्हाराजा. वरच्या कप्प्यात. मगे खालच्या. आणि थंयसून सगळ्या आंगाक."

मीच आधी म्हटलं, व्हय म्हाराजा.

तिनं हात पुन्हा जोडले. आणि गाऱ्हाण्याचं शेवटचं जे बोलणं असतं, जे आपण सगळे लहानपणापासून ऐकतो आणि कधी ऐकत नाही, ते ती बोलली. "माझ्या दादाचा काय वाकडा-चुकला आसात, तां पोटात घाल म्हाराजा. तो जंय आसात थंय तेका सुखी ठेव म्हाराजा."

तुळशीकडे तोंड करून, पदर डोक्यावर ओढून, लक्ष्मी एकटीच म्हणाली, "व्हय म्हाराजा."

त्यानंतर संचिता परत वर्गात आली. दररोज एक धडा मिटल्या पुस्तकानं सांगायची, शिळा धडा पुन्हा सांगायची. अडली की स्वतःच थांबून हुडकायची. मितेशसुद्धा तिच्यासमोर 'व्हय' म्हणताना विचार करायचा. जुलैत पेपर झाला. हृदयावर प्रश्न आला होता की नाही, हे सरांनी तिला विचारलं नाही. आता ती सावंतवाडीला नर्सिंग शिकते, सुट्टीला येते तेव्हा आईला घेऊन वालावलला कीर्तनाला येते. ओमकारचे दिवस त्या श्रावणाआधीच घातले. ताट मांडायचं थांबलं.

दत्ताराम सर अजून शिकवतात. पण 'समजलां मा' म्हणत नाहीत. नव्या पोरांना त्यांची नक्कल करायला काही सापडत नाही. ते नुसतं म्हणतात, "सांग बघू," आणि गप्प बसतात. मी एकदा विचारलं, सर, ती सवय कशी सुटली? ते म्हणाले, "सुटाक नाय. दिली कोणाकतरी."

गेल्या उन्हाळ्यात कोकमं द्यायला म्हणून मी लक्ष्मीकडे गेलो. ती एकटीच पडवीत जाळ्याची भोकं सांधत होती आणि मोबाईल तांब्याला टेकवलेला होता. ओमकार बोलत होता. मी दारात थांबलो. तो त्या ओळीवर आला, साफ झालेलं रक्त उजव्या बाजूला नेलं, आणि उत्तरासाठी जागा सोडली.

लक्ष्मीनं मान वर केली नाही. सुई ओढता ओढता ती हळूच म्हणाली, "डाव्या रे, बाबू. डाव्या."

एवढीच गोष्ट, मंडळी. आता उठाल, घरी जाल. वाटेत कुणी विचारलं तर सांगता आली पाहिजे. आणि कधी दम लागला, जिना चढून आलात आणि छातीवर हात गेला, तर तो डाव्या बाजूला जाईल. तेव्हा एक क्षण थांबा, आणि होडीवर बसून बहिणीला शिकवणाऱ्या ओमकार कुबलची आठवण काढा.